कोसळलेला मणका आणि आपली फाइल



या परिषदेचे अध्यक्षपद बारडोलीत मिळाले, याचे मोल माझ्या लेखी फार आहे. आपण रुग्णालयांत बिले करणारी, कोड लावणारी माणसे, आणि १९२८चा बारडोलीचा लढा मुळात सरकारी कागदावरच्या आकड्यांवरून पेटला होता. सेटलमेंट अधिकारी जयकर यांनी शेतसाऱ्यात ३० टक्के वाढ सुचवली, सरकारने ती सुमारे २२ टक्के ठरवली. शेतकऱ्यांनी वल्लभभाईंच्या शब्दावर सारा रोखला, जप्त्या सोसल्या. पुढे ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या अधिकाऱ्यांनी गावोगाव जाऊन चौकशी केली, तेव्हा जेमतेम ६ टक्के वाढ रास्त ठरली. जागेवर न पाहता भरलेला आकडा किती घरे बुडवू शकतो, हे या मातीला माहीत आहे.

आज मी एकाच उपचाराबद्दल बोलणार आहे. मणका दबून मोडला की पाठीतून सुई घालून, सी-आर्म या क्ष-किरण यंत्रावर पाहत त्यात सिमेंट भरतात. ही व्हर्टेब्रोप्लास्टी. फ्रान्समधील आमियाँ येथे १९८४ साली ती प्रथम झाली. आधी फुगा फुगवून मणक्याची उंची थोडी परत मिळवली आणि मग सिमेंट भरले, तर ती काइफोप्लास्टी. मोठी चीर नाही, पुष्कळ रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. बिल मात्र लहान नसते, कारण त्यातला मोठा वाटा किटचा असतो. म्हणून किती मणके, कोणते, फुगा वापरला की नाही, हे ऑपरेशन नोटमध्ये असलेच पाहिजे. इम्प्लांटचे स्टिकर फाइलवर चिकटवले म्हणजे ती नोंद पुरी होत नाही.

पण खरी परीक्षा पुढेच आहे. मणका मोडला कशाने?

या भागातल्या साखर कारखान्यांसाठी डांग, नंदुरबार, धुळे इथून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांच्यातली एखादी म्हातारी मोळी उचलताना कळवळून खाली बसते. हाड आधीच ठिसूळ होते म्हणून मोडले, तर निदानाचा कोड एम८०. ट्रॅक्टरवरून पडून कंबरेचा चांगला मणका मोडला, तर एस३२.०. अनेक विमा पॉलिसींत वयोमानाच्या ठिसूळपणाला काही वर्षे थांबावे लागते, अपघाताला थांबावे लागत नाही. मग कुणीतरी हळूच सांगते, ‘पडल्या असं लिहा ना.’ सांगणारा बहुतेकदा रुग्णाच्या कळवळ्यानेच सांगतो, हे मला कळते. तरीही ते लिहायचे नाही. त्या कागदामुळे तिचे ठिसूळ हाड नोंदीतून पुसले जाते, त्यावरचे औषध कुणी सुरू करत नाही, आणि पुढचा मणका मोडायला मोकळा राहतो.

तिसरी शक्यता आपल्याकडे फार महत्त्वाची आहे: मणक्याचा क्षय. तिथे सक्रिय जंतुसंसर्ग असताना सिमेंट भरू नये. बायोप्सीचा रिपोर्ट अनेकदा डिस्चार्जनंतर येतो. तो क्षयाचा निघाला तर निदानाचा कोड ए१८.० होतो, आणि डॉक्टरांना त्याच दिवशी फोन जायला हवा. हा फोन करणे आपले काम आहे, असे मी ठामपणे मानतो.

अमेरिकेत याच काइफोप्लास्टीवरून मोठे प्रकरण झाले. एका दिवसात घरी जाऊ शकणाऱ्या रुग्णांना रात्रभर दाखल दाखवून मेडिकेअर या सरकारी विम्याकडून जास्त पैसे घेतल्याचा आरोप होता. २०१५ अखेर १३०हून अधिक रुग्णालयांनी तडजोडीपोटी सुमारे साडेदहा कोटी डॉलर भरले. हे उघड करणाऱ्यांपैकी एक जण फुगा बनवणाऱ्या कंपनीत बिलांच्या परताव्याचेच काम पाहत होता. आपल्या व्यवसायातला माणूस!

आपल्याकडे आयुष्मान भारत योजनेचे कार्ड राज्याबाहेरही चालते. महाराष्ट्रातल्या नंदुरबारच्या कुटुंबाला गुजरातेतल्या बारडोलीत उपचार मिळू शकतो. २०२४च्या ऑक्टोबरपासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, ही योजना खुली आहे. मणके मोडण्याचे वयही हेच. कॅशलेसला एका तासात मंजुरी आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यावा, असे विमा नियामकाने त्याच वर्षी बजावले. तो तास अपुऱ्या फाइलीपायी वाया गेला, तर दोष विमा कंपनीवर ढकलता येणार नाही.

म्हणून माझी विनंती आहे. ऑपरेशन नोटमध्ये कारण लिहिलेले नसेल तर अंदाजाने कोड लावू नका, वॉर्डात जा, डॉक्टरांना विचारा, लेखी घ्या. डॉक्टर मित्रांनो, हा प्रश्न तुमच्या सहीवर घेतलेला संशय समजू नका. व्यवस्थापनाने कोड लावणाऱ्याला क्लेमच्या रकमेवर बक्षीस देणे बंद करावे. आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या हाती त्याला वाचता येईल अशा भाषेत, मग ती मराठी असो की गुजराती, खर्चाचा तपशील द्या. पुढल्या महिन्याच्या पहिल्या फाइलीपासून हे सुरू करा.