पान्ह्याची आज्ञा

रेडकू कासेला ढुशा देईपर्यंत म्हैस पान्हा सोडत नाही, हे गोठ्यात वावरलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. दूध कासेत आधीच तयार असते. वाट पाहायची ती ते बाहेर ढकलणाऱ्या आज्ञेची. ती मेंदूतून निघते, पण मेंदूच्या एरवीच्या रीतीने नाही.

एरवी चेतापेशीतून विद्युतस्पंद धावत तिच्या टोकाला पोहोचतो. पुढच्या पेशीशी तिचा बहुधा स्पर्श नसतो. मध्ये मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते. स्पंद आला की टोकाशी साठवलेले रसायन त्या फटीत सांडते आणि पलीकडची पेशी चेतते किंवा शांत होते. ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये व्हेगस मज्जातंतू उत्तेजित करून बेडकाच्या हृदयाचे ठोके मंदावले, आणि त्या हृदयातला द्रव दुसऱ्या हृदयाला दिला. तेही मंदावले, म्हणजे निरोप रसायनाचा होता!

कासेचे मात्र वेगळे. ईली आणि पीटरसन या संशोधकांनी १९४१ मध्ये गाईच्या अर्ध्या कासेचे मज्जातंतू कापले, तरी त्या बाजूलाही पान्हा आला. निरोप रक्तातून येत होता. मग त्यांनी गाईच्या पाठीवर मांजर ठेवले, कागदी पिशव्या फोडल्या. घाबरलेल्या गाईने दूध चोरले.

रक्तात हा निरोप सोडतो कोण? अर्न्स्ट शारर यांना १९२८ मध्येच एका छोट्या माशाच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात ग्रंथीसारख्या स्रवणाऱ्या चेतापेशी दिसल्या होत्या. चेतापेशीने स्पंद न्यावा आणि ग्रंथीने स्रवावे, ही वाटणी तेव्हा इतकी पक्की होती की त्यांचे म्हणणे अनेकांनी मानले नाही. त्यांच्या पत्नी बर्टा यांनी झुरळांसारख्या कीटकांत तशाच पेशींचा अभ्यास केला. १९३७ मध्ये दोघांनी नाझी जर्मनी सोडली. अमेरिकेत बर्टा यांनी कित्येक वर्षे बिनपगारी संशोधन केले. प्राध्यापकपद मिळायला १९५५ उजाडले. विज्ञानाच्या इतिहासात त्यांचे नाव याहून ठळक हवे.

पुरावा जुळवला वोल्फगांग बार्गमान यांनी, १९४९ मध्ये. विशिष्ट रंगाने पेशी रंगवून त्यांनी स्रावाचा माग काढला: तो हायपोथॅलॅमसमध्ये तयार होतो, त्याच पेशींच्या लांब तंतूंतून पियुषिका ग्रंथीच्या मागच्या भागात उतरतो आणि तिथे रक्तात मिसळतो. त्यातलेच एक संप्रेरक म्हणजे ऑक्सिटोसिन, अवघ्या नऊ अमिनो आम्लांचे. पिले सारखी चोखत असली तरी उंदरिणीच्या मेंदूतल्या ऑक्सिटोसिनच्या पेशी बराच वेळ संथ असतात. मग काही मिनिटांनी सगळ्या एकदम, दोन-चार सेकंद जोराने स्पंदतात. संप्रेरकाचा लोट रक्तात जातो, स्तनातल्या दुग्धपिशव्यांभोवतीच्या पेशी आकसतात आणि दूध येते.

त्रासाने पान्हा अडतो, हे माणसालाही लागू आहे. नाइल्स आणि मायकेल न्यूटन यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका आईला पाजताना मुद्दाम त्रास दिला; पाय बर्फाच्या पाण्यात ठेवायला लावले, गणिते विचारली. बाळाला दूध कमी मिळाले. पियुषिकेच्या स्रावाचे इंजेक्शन दिल्यावर, त्रास चालू असूनही, दूध जवळपास पूर्ववत आले. तेव्हा घरातल्या बाळंतिणीला ‘तुला दूधच नाही’ असे कुणीही ऐकवू नये. आधी तिला निवांत बसू द्यावे, बाळाला तिच्या कुशीत द्यावे, आणि शंका उरलीच तर डॉक्टरांना विचारावे.