लेन्स तीच, फोटो वेगळा

आज मी गटाच्या हिशोबाबद्दल नाही, कॅमेऱ्याबद्दल बोलणार आहे. पण गोष्ट शेवटी पैशांवरच येते.

आमच्या गटातल्या दोघी जणी लग्न-बारशाचे फोटो काढतात. अख्खा मांडव एका फोटोत यावा म्हणून त्यांना फिशआय लेन्स हवी होती. 15 मिलिमीटरची एक जुनी लेन्स मिळत होती. "180 अंश दिसतं," असं विकणाऱ्याने सांगितलं. अंतर्गत कर्जाचा अर्जही आला. मी म्हटलं, "ताई, सही करण्याआधी ती आपल्याच कॅमेऱ्याला लावून बघू." लावली, तर मांडवाचे दोन्ही कोपरे फोटोच्या बाहेर!

विकणारा खोटं बोलत नव्हता. लेन्स कॅमेऱ्याच्या आत गोल चित्र पाडते. त्यातला जेवढा भाग सेन्सरवर येतो, तेवढाच फोटो होतो. लाटलेल्या गोल पोळीवर चौकोनी डबा दाबून बघा. मोठ्या डब्यात कडेपर्यंतची पोळी येते, लहान डब्यात फक्त मधली. पोळी मात्र तीच.

फुल फ्रेम सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटरचा असतो. त्यावर ही 15 ची लेन्स एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत सुमारे 180 अंश दाखवते. आमचा सेन्सर एपीएस-सी, म्हणजे साधारण 24 बाय 16 चा. त्यावर तोच कोन 110 अंशांच्या आसपास उरतो. लहान सेन्सरवर 180 हवे असतील, तर 10 मिलिमीटरच्या आसपासची फिशआय लागते.

मग 8 ची घ्यावी का? फुल फ्रेमवर 8 ची फिशआय काळ्या चौकटीत पूर्ण गोल फोटो देते. आमच्या सेन्सरवर त्या गोलाचा वरचा आणि खालचा भाग कापला जातो.

आणखी एक. फिशआयमध्ये कडेची माणसं वाकलेली दिसतात. मांडवाला ती शोभते, वऱ्हाडाच्या ग्रुप फोटोला नाही.

आम्ही तो अर्ज थांबवला आणि 10 ची लेन्स शोधायचं ठरवलं. तुम्हीही खरेदीआधी दोन गोष्टी विचारा: आपला सेन्सर केवढा, आणि ही लेन्स कोणत्या सेन्सरसाठी बनवलेली? मग आपल्याच कॅमेऱ्यावर एक फोटो काढून बघा. पैसे त्यानंतर. कारण ते आपल्या सगळ्यांच्या बचतीचे आहेत.