पोत्यातले विष, पट्टीवरची रेघ

पावसाळ्यात भिवंडीच्या गोदामात धान्याची थप्पी भिंतीला टेकली, की पोत्यांना ओल धरते. तिथे पिवळसर हिरवी बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. ते यकृतावर घाला घालते. शिजवूनही पुरते जात नाही. 1974 मध्ये राजस्थान-गुजरात सीमेवर बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसे दगावली.

आज झटपट तपासणी करता येते. धान्य दळायचे, पाणीमिश्रित अल्कोहोलमध्ये घुसळून गाळायचे आणि त्या अर्कात पट्टी बुडवायची. काही मिनिटांत निकाल. इथे मात्र नीट लक्ष द्या: दोन ठळक रेघा म्हणजे माल ठीक, तपासणीची रेघ उमटलीच नाही, तर विष जास्त. कायद्याची मर्यादा किलोमागे 15 मायक्रोग्रॅम आहे.

खरी मेख नमुन्यात आहे. विष मोजक्या दाण्यांत साचते, म्हणून वरच्या पोत्यातली मूठभर घेऊन भागत नाही. तळाची, मधली, भिंतीकडची पोती पोकळ नळीने टोचा, सगळे दाणे एकत्र करा, मगच दळा. संशय आला तर माल बाजूला काढून नमुना प्रयोगशाळेत पाठवा. आणि भातात 14 टक्क्यांहून जास्त ओलावा असेल, तर थप्पी लावूच नका.