सूर्याविना चार महिने

लोणंदला ऐन मार्गशीर्षातही सूर्य अकरा तास आकाशात असतो. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरील न्यू-ओलेसुंद येथे तो ऑक्टोबरअखेर मावळला, की फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उगवतच नाही. ७९ अंश उत्तर अक्षांशावरील या गावी २००८ साली भारताचे ‘हिमाद्री’ संशोधनकेंद्र उघडले. त्याचा कारभार गोव्याहून चालतो. त्या दीर्घ रात्रीत काम करण्यास भारतीय संशोधक प्रथम गेले ते डिसेंबर २०२३ मध्ये.

तेथे सकाळ होते ती घड्याळाने आणि सामाईक भोजनगृहातील न्याहारीने. मराठी घरांप्रमाणेच जोडे दाराशी काढावयाचे. दारांना मात्र कुलूप घालावयाचे नाही, कारण पांढरे अस्वल पाठीशी लागलेल्या माणसास दिसेल त्या घरात शिरता आले पाहिजे. वस्तीबाहेर पडताना बंदूक हवीच. ढग मोजावयास आलेल्या पंडितास आधी नेमबाजी शिकावी लागते! आणि श्रोतेहो, अतिदूरच्या आकाशस्थ ज्योतींच्या क्षीण रेडिओलहरी टिपणारी यंत्रे तेथे असल्याने गावात बिनतारी उपकरणांना बंदी आहे. घरचा निरोप यावयाचा तो तारेनेच.

ध्रुवाकडील वाढत्या उष्णतेचा भारतातील मोसमी पावसाशी काय संबंध, हा तेथील शोधाचा एक विषय होय. नीरेकाठचा शेतकरी मृगात आभाळाकडे पाहतो, त्याच पावसासाठी त्या अंधारात रोज नोंदी होतात.