कामठीचा बांबू कुणाचा?
(गावबैठकीत एका कामठी करणाऱ्या म्हाताऱ्यानं केलेलं भाषण)



मी भाषणवाला माणूस नाही, कामठी करतो. कामठीला कोवळा बांबू चालत नाही. तीन-चार पावसाळे खाल्लेला पाहिजे. थंडीत तोडायचा, नाहीतर कीड लागते. उभा चिरायचा, साल बाहेरच्या अंगाला ठेवायची, आतून कोयत्यानं तासायचं. मधे जाड, टोकांकडं निमुळती. जी बाजू कमी वाकते तीच तासायची. घाई केली की मोडली. दोरीपण बांबूच्याच सालीची.

एका बेटातून मी एक-दोनच काढतो, कोंबाला हात लावत नाही. बेट वाढतंच. तरी मागच्या साली नाकेदारानं बांबू हिसकला, कोयतापण नेला. म्हणे, चोरी! १९२७ च्या जंगल कायद्यात २०१७ पर्यंत बांबूला झाड म्हटलं होतं. कागद कारखान्याला ट्रक भरून बांबू जातो, ती चोरी नाही?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. कामठी, टोपली, कणगी, कूड, कोणत्या घराला किती बांबू लागतो, कोणत्या बेटातला, ते गावानं बसून लिहून काढा. सगळ्यांचे अंगठे घ्या. एकटा गेला तर चोर ठरतो. गाव गेलं तर हक्क मागतं.

जिंदाबाद!