तळ्याच्या तळाशी वसलेलं गाव



आपण आभाळाकडे डोळे लावून पाण्याची वाट पाहणारी माणसं. आज गोष्ट सांगतो ती पाणी बाहेर फेकून शेती करणाऱ्या गावाची.

गावाचं नाव मिडनबीम्स्टर. हॉलंडात, ॲम्स्टरडॅमच्या उत्तरेला. इथली जमीन समुद्रापेक्षा सुमारे साडेतीन मीटर खाली आहे. मूळची तिथं दलदल. माणसांनी ती लागवडीला आणली, तशी ती खचली; वादळांनी लचके तोडले आणि मोठं तळं झालं.

१६०७ साली हे तळं उपसायची परवानगी मिळाली. १२३ जणांनी भांडवल घातलं. त्यांच्यातला एक पुढारी डर्क व्हान ओस, डच ईस्ट इंडिया कंपनीच्या संस्थापकांपैकी. म्हणजे मसाल्याच्या व्यापारातला पैसा मातीत आला.

तळ्याभोवती बांध घातला, बांधाबाहेर कालवा खणला. मग पवनचक्क्या लावल्या. एका चक्कीला पाणी फार वर चढवता येत नाही. म्हणून एकीनं उचलायचं, दुसरीनं त्याच्या वर, तिसरीनं आणखी वर. एका विहिरीवर तीन मोटा एकीवर एक जोडाव्यात तसं. १६१० साली वादळात समुद्राकडचा बांध फुटला आणि तळं पुन्हा भरलं. त्यांनी बांध उंच केला, चक्क्या वाढवल्या. १६१२ साली सुमारे ७,२०० हेक्टर, म्हणजे जवळजवळ १८ हजार एकर जमीन वर आली. दोरी लावून सरळ रस्ते, सरळ चर, चौकोनी शेतं आखली. मधल्या चौकात गाव वसलं. १९९९ साली युनेस्कोनं हा मुलूख जागतिक वारसा ठरवला.

पण नीट ऐका. जमीन वाटली गेली ती पैसेवाल्यांना. चिखल उपसणाऱ्या मजुराच्या वाट्याला मजुरीच आली.

आणि दुसरी गोष्ट. ती जमीन एकदा जिंकून संपली नाही. चक्क्या गेल्या, वाफेचे पंप आले, आज विजेचे आहेत. उपसा थांबला तर तळं परत येईल. म्हणून पाण्याचं मंडळ ठेवलं, आणि जमीनवाल्यानं जमिनीच्या मानानं पट्टी भरायची असा नेम केला.

त्यांना पाणी जास्त, आपल्याला कमी. प्रश्न मात्र एकच. बांध बांधला की फोटो निघतो. गाळ कोण काढणार, फुटला तर कोण धावणार, हिशेब कोण वाचणार? पाणी सगळ्यांचं म्हटलं आणि हिशेब कुणाचाच नसला, की बांध फुटतोच. घरी गेल्यावर आपल्या नाल्याच्या बांधाला हे विचारून पाहा.