बसून खाणारी कोण?

(कोल्हापूर येथे कार्यकर्त्या मैत्रिणींच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज 'दीर्घ आजार आणि बाई' या विषयावर बोलायला सांगितलंय. मी डॉक्टर नाही. एमएसडब्ल्यू झाल्यावर गेली बारा वर्षं मी या जिल्ह्यात बायकांच्या तक्रारींचं काम करते, आणि त्यातली सात वर्षं मला संधिवात आहे. डॉक्टर त्याला रुमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, आपल्याकडे आमवात म्हणतात. तेव्हा कार्यकर्ती आणि रुग्ण, अशा दोन्ही नात्यांनी बोलते.

आधी आजाराबद्दल थोडं. वात म्हणजे म्हातारपणाचं दुखणं असं आपण धरून चालतो. वयानं गुडघे झिजतात तो आजार वेगळा. यात शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. बोटं, मनगटं, पावलं यांचे लहान सांधे सुजतात, बहुधा दोन्ही बाजूंचे सारखे. सकाळी उठल्यावर तास तास मूठ मिटत नाही. पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार दोन ते तीन पट जास्त होतो आणि बहुतेकींना तो तिशी ते पन्नाशीत गाठतो, म्हणजे पोरं लहान, सासू-सासरे थकलेले आणि कामाचा भार सगळ्यांत जास्त असतो तेव्हा. 1996 साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन चार हजारांवर प्रौढांची पाहणी केली. त्यात दोनशे माणसांमागे साधारण एकाला हा आजार आढळला. म्हणजे तुमच्या-माझ्या प्रत्येक गावात अशा बाया आहेत. त्या मंडळाच्या बैठकीला येत नाहीत, म्हणून आपल्याला दिसत नाहीत.

दुखणं निदान सांगता तरी येतं. सांगता येत नाही तो थकवा. दिवसभर राबून येतो तो थकवा झोपेनं जातो. हा रात्रभर झोपून उठल्यावरही अंगावर असतो. ओलं घोंगडं पांघरून चालावं तसं वाटतं. त्याला कारणं आहेत. अंगात सतत सूज असणं हेच शक्ती खाणारं काम. त्यात बऱ्याच जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी असतं, दुखण्यानं झोप मोडते, हालचाल कमी झाल्यानं स्नायू अशक्त होतात, मन खचतं. म्हणजे हा थकवा आजाराचाच भाग आहे, आळस नव्हे. पण चेहऱ्यावर काही दिसत नाही. "बरी तर दिसतेस की!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय.

आणि मग येते अपराधी भावना. हुपरीत घरोघरी चांदीचे दागिने घडवायचं काम चालतं, नगावर मजुरी मिळते. तिथली एक बाई माझ्याकडे आली होती. बोटं वाकडी झालेली, काम सुटलेलं. मी दुखण्याबद्दल विचारलं तर म्हणाली, "ताई, दुखतंय त्याचं काय न्हाई. पर बसून खातीया असं वाटतंय." ही बाई पहाटे म्हशीची धार काढत होती, घरच्या सात माणसांचा स्वयंपाक करत होती. धार सुनेकडे गेली, मजुरी बंद झाली, एवढ्यानं ती स्वतःच्या नजरेत बसून खाणारी ठरली.

ही भावना तिच्या स्वभावातून आलेली नाही. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी 289 मिनिटं घालवतात. घरकामाला हात लावणारे पुरुष 88 मिनिटं. या 289 मिनिटांना कुणी मजुरी देत नाही, त्यांना काम म्हणत नाही. ती मिनिटं भरली नाहीत की मात्र हिशेब मागितला जातो. आयुष्यभराचं काम मोजायचं नाही आणि दोन वर्षांचं आजारपण मोजायचं, असा हा हिशेब आहे. दुर्दैव असं की बाई तो स्वतःच स्वतःकडे मागायला लागते.

माझ्याच घरचं सांगते. मला भाकरी थापता येईना. मनगटावर जोरच येत नाही. नवरा शिकला, त्याच्या भाकरी आता माझ्यापेक्षा बऱ्या होतात. पण शेजारच्या मावशी म्हणाल्या, "नशीबवान आहेस बाई, असा नवरा मिळाला." मी नऊ वर्षं भाकरी थापल्या तेव्हा त्याला कुणी नशीबवान म्हटलं नव्हतं. एवढं सगळं कळत असूनही, तो तव्यापुढे उभा राहिला की माझ्या पोटात अजून कालवतं. कळणं आणि वाटणं यांत अंतर असतं. ते अंतर असणं हा कुणाचा कमीपणा नाही, एवढं एकमेकींना सांगू या.

आता उपयोगाचं काही. पहिलं, निदान लवकर व्हायला हवं. सांधे एकदा वाकडे झाले की औषधानं सरळ होत नाहीत. सहा आठवड्यांहून जास्त सूज आणि सकाळचा आखडलेपणा असेल तर रक्त तपासून घ्यावं. दुसरं, या आजारात नेहमी दिलं जाणारं मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वार पाठ करून द्या. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलणं फार गरजेचं, कारण हे औषध गर्भाला घातक असतं. तिसरं, एका दिवसात पाय मोकळे करणाऱ्या नाव नसलेल्या पुड्यांपासून सावध राहा. त्यात स्टिरॉइड असू शकतं. ते मनमानी घेत राहिलं तर हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. चौथं, बऱ्या दिवशी सगळं उरकून टाकायचा मोह आवरा. मी तसं केलं की पुढचे तीन दिवस अंथरुणात जातात. काम, विश्रांती, पुन्हा काम, असा दिवस बांधावा लागतो.

कायद्याचंही बघू. आजारी बाईला माहेरी सोडून "आता सोडचिठ्ठी घेणार" अशी धमकी देणारे आपल्याकडे येतातच. हिंदू विवाह कायद्यात संधिवात हे घटस्फोटाचं कारण नाही, हे त्यांना ठणकावून सांगा. स्वतःचं पोट भरू न शकणारी पत्नी पोटगी मागू शकते. हालचालीला कायमची अडचण आली असेल तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. बहुतेक सवलतींना चाळीस टक्के अपंगत्वाची अट आहे.

शेवटी आपल्या संघटनांबद्दल. आपण बायकांच्या न मोजलेल्या श्रमांवर बोलतो, आणि आपली कार्यकर्ती मात्र रात्री-अपरात्री पोलीस चौकीत धावणारी, उपाशीपोटी मोर्चात चालणारी अशीच हवी असते. जी थकते ती आपोआप मागे पडते, आणि "घरच्या अडचणी आहेत" असं सांगून निघून जाते. मला तीन गोष्टी मागायच्या आहेत. प्रत्येक बैठकीत सतरंजीबरोबर चार खुर्च्या असाव्यात, आणि शिबिराची जागा ठरवताना उकिडवं न बसता वापरता येईल असा संडास आहे का, हे बघावं. रात्रीच्या केसेस पाळीनं वाटाव्यात. आणि "आज मला जमणार नाही" असं कुणी म्हटलं तर कारण विचारू नये.

पुढच्या महिन्याच्या कामाची वाटणी आज दुपारी होणार आहे. ती करताना या तिन्ही गोष्टी कागदावर याव्यात, एवढी माझी विनंती आहे. मी टाइप करू शकत नाही, पण फोनवरचं समुपदेशन मला जमतं. माझं नाव तिथे लिहा.